गुडघे दुखतात, कोंबड्या विकू का?

प्रश्न : वय ६६. गुडघे वाकत नाहीत, यजमानांना अर्धांगवायू झालाय, नातवाला सिकलसेल आहे. पंधरा गावठी कोंबड्या ठेवाव्यात का? (धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, ठेवा; पण निम्म्याच. खुराडं कमरेच्या उंचीवर, बांबूचं बांधून घ्या. तळाला फटी ठेवल्या की विष्ठा खाली पडते, लांब दांड्याच्या झाडूनं उभ्यानंच लोटता येते.

माझी खरी काळजी नातवाची आहे. कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. सिकलसेलच्या रुग्णात तो रक्तातून हाडात शिरून तिथे पू धरू शकतो. म्हणून खुराड्याचं काम त्याला अजिबात सांगू नका. कोंबडीला हात लागला की साबणानं धुवायचाच. अंडं बलक घट्ट होईपर्यंत उकडा. ताप किंवा हाडदुखी आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका.

कोंबड्यांत मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्या. लस बर्फातूनच आणायची. एक कुपी शंभरेक कोंबड्यांना पुरते आणि कालवल्यावर टिकत नाही. तेव्हा टोल्यातल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.