मागल्या जन्मीचं कर्म

प्रिय सोनू,


तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाची आजी म्हणाली, 'मागल्या जन्मीचं कर्म, दुसरं काय!' आणि तू 'हो आजी' म्हणून पुढच्या खाटेकडे गेलीस. रात्री झोप लागली नाही म्हणतेस. माझ्या पोलिओच्या पायाबद्दल तुझ्या आजीनंही हेच वाक्य घरीदारी ऐकलं होतं. ती अखेरपर्यंत स्वतःचं पाप शोधत राहिली. म्हणून हे पत्र.

'कृ' म्हणजे करणं, त्यातून कर्म. वेदांमध्ये ते मुख्यतः यज्ञकर्म होतं. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग विचारतो, मेल्यावर माणूस कुठे असतो? तेव्हा याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेतून बाजूला नेतो आणि दोघं कर्माविषयी बोलतात. चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हे, असं याज्ञवल्क्याला वाटलं. मला ते फार मोलाचं वाटतं. पुढे गीतेनं फळाची आसक्ती सोडून कर्म करत राहायला सांगितलं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिलं ते याच कर्मयोगासाठी.

बुद्धांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूत पाहिलं. पण तू डॉक्टर होते आहेस, तेव्हा संयुत्त निकायातला मोळियसीवकाचा संवाद वाचच. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात. तुमचं मत काय, असं तो परिव्राजक विचारतो. बुद्ध वेदनेची आठ कारणं सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, आघात आणि सर्वांत शेवटी कर्मविपाक. आठांतलं एक! सगळंच पूर्वकर्मावर टाकणं त्यांना मान्य नव्हतं.

कर्माच्या जोडीला नेहमी धर्म येतो. धर्म म्हणजे धारण करणारा. हिंदू परंपरेत तो वर्णाश्रमाशी जखडला गेला, आणि कर्माचा दाखला देऊन जन्मानं लादलेलं हीनपण न्याय्य ठरवलं गेलं. हा अन्याय होता, हे मी मऊ शब्दांत सांगणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी लिहिलेल्या धम्मग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही समजूत नाकारली आहे. पण त्याच हिंदू परंपरेत, महाभारताच्या वनपर्वात, मिथिलेचा मांस विकणारा व्याध एका विद्वान ब्राह्मणाला धर्म शिकवतो आणि आपल्या म्हाताऱ्या आईबापांची सेवा दाखवतो, हेही विसरू नकोस.

कर्म हा शब्द स्वतःला प्रश्न विचारायला ठेव: आता मी काय करू? दुसऱ्याच्या दुखण्यावर तो चिकटवू नकोस.

उद्या राउंड संपला की त्या आजींजवळ बस. मुलाच्या आईलाही बोलाव. आजींचं ते वाक्य तिनंही ऐकलं असणार. घशाच्या जंतुसंसर्गातून संधिवाताचा ताप आला आणि त्यानं हृदयाची झडप बिघडली, हे साध्या शब्दांत सांग. यात तुमचा दोष नाही, हे आईच्या डोळ्यांत बघून सांग. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. आणि घरी धाकटं भावंड असेल, तर त्याचा घसा दुखला की लगेच दाखवायला सांग.

तुझा,
मामा