पाहुणा आणि पोशिंदा

ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण कुरणांतून उड्या मारीत जाणारा कांगारू एकटा नसतो. त्याच्या जठरात हजारो बारीक सूत्रकृमी वास करीत असतात. इतके पाहुणे पोटात बाळगूनही तो बहुधा धष्टपुष्ट असतो. हे कसे घडते?

कांगारूने खाल्लेले गवत जठराच्या पुढील प्रशस्त भागात आंबते. तेथेच या कृमींची वस्ती असते. त्यांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या कांगारूच्या पोटात जातात. पोशिंदा हिंडताफिरता राहिला, तरच कृमींचा वंश चालतो. लक्षावधी वर्षांच्या सहवासात दोघांची घडण परस्परांना अनुसरून होत गेली. यासच सहउत्क्रांती म्हणतात. मात्र कांगारूंच्या वंशवृक्षास फांदी फुटली की कृमींच्या वंशासही फुटते, इतका हा हिशेब सरळ नाही. कित्येक कृमींनी एका जातीचा पोशिंदा सोडून दुसरीचा आश्रय घेतल्याचे इयन बेव्हरिज प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले आहे.

जुनी ओळख म्हणजे निखळ स्नेह, असेही समजू नये. करड्या कांगारूच्या लहान आतड्यातील एक देशी कृमी रक्त शोषतो आणि पिलांच्या जिवावर उठतो.

१७८८ साली युरोपीय लोकांनी ऑस्ट्रेलियात वसाहत स्थापिली. त्यांच्या पाळीव जनावरांबरोबर हायडॅटिड नावाचा पट्टकृमी तेथे पोहोचला. त्याची रीत निराळी आहे. त्याचे बालपण मेंढी किंवा कांगारू यांच्या शरीरात जाते, तर तो प्रौढ होतो कुत्र्याच्या अथवा डिंगो या रानकुत्र्याच्या आतड्यात. वॉलबी या लहान चणीच्या कांगारूच्या फुफ्फुसांत त्याच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी वाढतात. वॉलबीचा श्वास अपुरा पडतो. पळताना ती मागे राहिली, तर डिंगोच्या तावडीत सापडते. आणि तिच्या मृत्यूतूनच कृमीला पुढची वाट मिळते.

तात्पर्य, कृमी दयाळूही नसतो आणि दुष्टही नसतो. त्याचा वंश कोणत्या वाटेने पुढे जातो, यावर त्याचे वर्तन पुष्कळ अंशी अवलंबून असते. संख्येने घटलेल्या वॉलबींचे रक्षण करावयाचे, तर प्रथम ही वाट ओळखली पाहिजे. कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध देणे आणि मेलेल्या जनावरांची कच्ची आतडी-फुफ्फुसे त्यांच्यापुढे न टाकणे, हे साधे उपाय ती वाट अडवितात.