शेजारची राज्ये आणि आपले राज्य

नवापूरचे रेल्वे स्टेशन पुष्कळांनी पाहिले असेल. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आहे आणि अर्धे गुजरातेत. सीमेची रेघ स्टेशनातूनच जाते. रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसे एकाच गाडीची वाट पाहतात. अशा ठिकाणी गप्पा सुरू झाल्या की एक विषय हमखास निघतो. "गुजरात पुढे गेला बघा," असे एक जण म्हणतो. "छे हो! मुंबई कोणाकडे आहे?" असे दुसरा म्हणतो. गाडी येते आणि वाद तसाच राहतो.

हा वाद नुसत्या अभिमानाने सुटायचा नाही. त्यासाठी आकडे हवेत, आणि आकडे वाचता यायला हवेत. महाराष्ट्राला लागून गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, कर्नाटक आणि गोवा ही सहा राज्ये आहेत. या शेजाऱ्यांची आणि आपली आर्थिक प्रकृती कशी ताडून पाहायची, ते आपण या धड्यात पाहू.

समजा, एका गावात दोन घरे आहेत. थोरल्या घरी वर्षाला बारा पोती ज्वारी येते, आणि खाणारी तोंडे आहेत बारा. धाकट्या घरी नऊच पोती येतात, पण तोंडे सहा. खळ्यावर उभे राहून पाहिले तर थोरल्या घराची रास मोठी दिसते. ताटात जास्त भाकरी मात्र धाकट्या घरी पडते. राज्यांचेही असेच आहे.

राज्याचे उत्पन्न म्हणजे सरकारच्या तिजोरीतला पैसा नव्हे. ही गल्लत फार लोक करतात. एका वर्षात राज्यात शेतात जे पिकले, कारखान्यात जे तयार झाले, दुकानदारांनी, गाडीवाल्यांनी, दवाखान्यांनी, बँकांनी जे काम केले, त्या सगळ्याची किंमत म्हणजे राज्याचे उत्पन्न. २०२२-२३ साली महाराष्ट्राचे उत्पन्न सुमारे ३६ लाख कोटी रुपये होते. देशात सर्वांत मोठी रास हीच. गुजरात आणि कर्नाटक यांची प्रत्येकी २२ ते २३ लाख कोटींच्या घरात होती. म्हणजे दुसरा प्रवासी खोटे बोलत नव्हता.

आता तोंडे मोजू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गुजरात आणि कर्नाटक सहा-सहा कोटींच्या आसपास होते. राज्याच्या उत्पन्नातून यंत्रांची, इमारतींची वर्षाची झीज वजा करतात आणि उरलेल्या रकमेला माणसांच्या संख्येने भागतात. जो आकडा येतो त्याला दरडोई उत्पन्न म्हणतात. २०२२-२३ साली महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख रुपये होते. गुजरातचे २ लाख ७० हजारांच्या पुढे, कर्नाटकचे ३ लाखांच्या वर आणि तेलंगणाचे त्याहूनही थोडे जास्त. चिमुकला गोवा तर ४ लाखांच्याही पलीकडे. मध्य प्रदेशाचे १ लाख ४० हजार. तेलंगण आणि मध्य प्रदेश यांच्या राशी जवळपास सारख्या आहेत, पण मध्य प्रदेशात खाणारी तोंडे दुपटीहून जास्त. म्हणून हा फरक पडतो. तर पहिला प्रवासीही खोटे बोलत नव्हता.

येथे थांबले तर मात्र फसगत होते. दरडोई अडीच लाख म्हणजे प्रत्येकाच्या हातात अडीच लाख आले असे नाही. एकाला नव्वद रुपये आणि दुसऱ्याला दहा रुपये मिळाले तरी सरासरी पन्नासच निघते. मुंबई, ठाणे, पुणे या भागांत कारखाने, बँका आणि मोठ्या पगाराच्या नोकऱ्या एकवटल्या आहेत. नंदुरबार, वाशीम, गडचिरोली हे जिल्हे पार तळाला आहेत. राज्याच्या सरासरीत हे सगळे एकत्र कालवले जाते. कर्नाटकात बंगळूरचे आणि तेलंगणात हैदराबादचे असेच. २०१८-१९ साली सरकारने देशभर शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. तेव्हा तेलंगणातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न सरासरी ९ हजार ४०० रुपये निघाले. महाराष्ट्रात ते साडेअकरा हजार, गुजरातेत साडेबारा हजारांच्या वर आणि कर्नाटकात १३ हजार ४०० होते. दरडोई उत्पन्नात पुढे असलेले तेलंगण शेतकऱ्याच्या घरात मागे पडले! हैदराबादच्या संगणक कंपन्यांतला पगार रानातल्या कापसाच्या वेचणीपर्यंत पोचत नाही.

म्हणून तिसरा आकडा पाहावा लागतो. किती घरांत अजून हलाखी आहे? नीती आयोगाने २०२३ साली याचा एक अहवाल काढला. त्यात नुसते पैसे मोजले नाहीत. पोषण, मुलांची शाळा, बाळंतपणाची काळजी, चुलीचे इंधन, संडास, पिण्याचे पाणी, वीज, घर, बँकेतले खाते अशा बारा गोष्टी पाहिल्या. या मापाने महाराष्ट्रात शंभरातले सुमारे ८ जण गरीब ठरले. कर्नाटकात जवळपास तेवढेच, तेलंगणात ६, गुजरातेत १२, छत्तीसगडात १६ आणि मध्य प्रदेशात २१. गोव्यात शंभरात एकसुद्धा नाही.

गुजरातचा आकडा पुन्हा वाचा. दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा जास्त, आणि गरिबीही आपल्यापेक्षा जास्त. हे कसे? मोठे कारखाने, जामनगरचा तेलशुद्धीकरणाचा प्रचंड प्रकल्प, कांडला-मुंद्र्यासारखी बंदरे यांनी उत्पन्न फार वाढते, पण तितक्या हातांना काम लागत नाही, आणि बालकाच्या ताटातले दूध त्याने आपोआप वाढत नाही. २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३९ मुले उंचीने खुरटलेली आढळली. ज्या राज्यातल्या आणंदचे दूध देशभर जाते, तेथे ही गत. आपणही मिरवायला नको. महाराष्ट्रात तीच संख्या ३५ होती. आमच्या मते शेजाऱ्याशी तुलना करायचीच तर या आकड्याची आधी करावी. याबद्दल मात्र स्टेशनावर कोणी भांडताना दिसत नाही.

आता सरकारच्या तिजोरीकडे वळू. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि बहुतेक मालावर देशभर सारखाच कर बसला. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र त्याबाहेर राहिली. म्हणून तर सिंधुदुर्गातले लोक गोव्यात गेले की टाकी भरूनच परततात. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्या राज्याला दारूच्या कराचे उत्पन्न जवळजवळ नाहीच, तरी त्याचा गाडा चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खर्चाच्या बाबतीत शेजारी एकमेकांचे पाहून चालतात. २०२३ साली मध्य प्रदेशाने बहिणींच्या खात्यात महिना १००० रुपये टाकायला सुरुवात केली. त्याच वर्षी कर्नाटकाने घरच्या कर्त्या बाईला २००० दिले. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्राने १५०० रुपयांची योजना आणली. हे पैसे बाईच्या हातात पडले की मुलांची वही आणि औषधपाणी यांना लागतात, हे खरे. पण तिजोरीत तेवढी भर नसली तर ते कर्जातून येतात, हेही खरे. २०२४ च्या मार्चअखेर महाराष्ट्रावर सात लाख कोटींच्या वर कर्ज होते. आकडा ऐकून छाती दडपते. मध्य प्रदेशाचे कर्ज साधारण याच्या निम्मे होते, पण त्याचे उत्पन्न आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच. मग जड ओझे कोणाच्या डोक्यावर? कर्ज नेहमी उत्पन्नाशी ताडून पाहावे. सावकारही कर्ज देताना तेच पाहतो. आणि ते कशाला काढले, तेही विचारावे. विहिरीसाठी काढलेले कर्ज वेगळे आणि रोजच्या किराण्यासाठी काढलेले वेगळे.

केंद्र सरकार आपल्या करांतून राज्यांना वाटा देते. २०२१ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या वाटणीत दर शंभर रुपयांत मध्य प्रदेशाला ७ रुपये ८५ पैसे, महाराष्ट्राला सुमारे सव्वासहा रुपये आणि गुजरात व कर्नाटक यांना साडेतीन-साडेतीन रुपयांच्या आसपास मिळाले. ज्याची मिळकत कमी त्याला जास्त, असा यातला एक नियम आहे. "आम्ही कमवायचे आणि त्यांनी न्यायचे?" असे श्रीमंत राज्ये कुरकुरतात. पण मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या कोणाच्या श्रमावर उभ्या राहिल्या, त्या माणसांची गावे कोठे होती, हेही त्यांनी हिशोबात धरावे.

माणसांचे पाय कोठे वळतात, यावरूनही पुष्कळ कळते. नंदुरबार-धुळ्याकडची आदिवासी कुटुंबे दरसाल ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. बीडकडची कोयती पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात. महाराष्ट्रात पेरलेल्या शंभर एकरांपैकी सुमारे वीस एकरांनाच पाणी मिळते. पाऊस संपला की कोरडवाहू गावात कामही संपते. मुले बिऱ्हाडाबरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते.

अशा कुटुंबांची पूर्वी आणखी एक अडचण होती. रेशनकार्ड गावच्या दुकानात आणि पोट परमुलखात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये परराज्यातही रेशन देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. पुढे २०२२ पर्यंत ही सोय सर्व राज्यांत आली. कार्ड आधारला जोडलेले असले, म्हणजे नंदुरबारचे कुटुंब सुरतेच्या रेशन दुकानात अंगठा देऊन आपले धान्य घेऊ शकते. सगळे धान्य तेथेच उचलावे लागत नाही. काही तेथे घ्यावे, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेले गावच्या दुकानातून घ्यावे, असेही चालते. दुकानदार "तुमचे कार्ड इकडचे नाही" म्हणाला, तर त्याला हे सांगा.