एचआयव्हीबाधितांतील उच्च रक्तदाब आणि आपली औषधे

शासनाने १ एप्रिल २००४ रोजी विनामूल्य एआरटी उपचार सुरू केला, त्या काळात एचआयव्हीबाधित रुग्ण प्रामुख्याने क्षय, अतिसार वा मेंदूज्वराने दगावत असे. आज नियमित गोळी घेणारा रुग्ण साठी गाठतो आणि त्याला हृद्रोग, पक्षाघात व वृक्कविकार यांचे भय अधिक असते. उच्च रक्तदाब हे या तिन्हींचे मोठे कारण होय.

लकडगंजच्या वखारी, आरा मशीन व मालवाहतुकीच्या परिसरातील वैद्यबंधूंनी हा विषय केवळ 'मेडिकल'च्या एआरटी केंद्राचा मानू नये. असा रुग्ण गोळी तेथून घेतो. परंतु अम्लपित्त, खोकला वा अशक्तपणासाठी आपल्या पायरीवर येतो, आणि पुष्कळदा गोळीविषयी बोलत नाही.

विषाणू आटोक्यात असला तरी शरीरात सूक्ष्म दाह टिकतो व रक्तवाहिन्यांची लवचीकता घटते. उपचारानंतर वजन वाढते. डोलुटेग्राविरयुक्त उपचारात ते विशेष दिसते. वय, अतिलवण आहार आणि आपल्या नागपूरचा खर्रा यांची भर पडतेच. हा धोका टाळता येण्याजोगा आहे. भारतासह १२ देशांतील ७,७६९ बाधितांवरील 'रिप्रीव्ह' अभ्यासात (२०२३) पिटावास्टॅटिन घेणाऱ्यांत गंभीर हृद्विकाराच्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या.

आता आपल्या औषधांविषयी. यष्टीमधु आपण खोकला, स्वरभेद व अम्लपित्तात सढळ हस्ते देतो. त्यातील ग्लायसिऱ्हिझिनमुळे वृक्कात कॉर्टिसॉलचे विघटन मंदावते, सोडियम साठते, पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. चार दिवसांच्या चाटणाची गोष्ट वेगळी. महिनोन्महिने चालणारे चूर्ण रक्तदाबाच्या रुग्णास देऊ नये. चरकाचार्यांनी विमानस्थानात पिप्पली व क्षारांसोबत लवणाच्या अतिसेवनाचा निषेध केला आहे. तरीही लवणभास्कर चूर्ण मागेल त्याला मिळते. सैंधव हेही सोडियमच, हे रुग्णास स्पष्ट सांगावे.

शंखवटीत तर दुहेरी अडचण आहे. तिच्यात पंचलवण आहे व शंखभस्माच्या रूपाने कॅल्शियमही आहे. सध्याच्या शासकीय उपचारात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोलुटेग्राविर यांची एकत्रित गोळी असते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त डोलुटेग्राविरला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे त्याचे शोषण घटते. म्हणून गोळी अशा पदार्थांच्या २ तास आधी वा ६ तासांनंतर घ्यावी, असा नियम आहे. शंख, प्रवाळ, मंडूर, लोह व यशद भस्मांनाही तोच लावणे सुरक्षित. टेनोफोविरचा भार वृक्कावर असल्याने क्रिएटिनीन पाहिल्याविना रसौषधी देऊ नयेत.

सर्पगंधेचा मोह अनेकांना होतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्या रक्तदाबशामक गुणाविषयी लिहिले, ही आपल्या अभिमानाची बाब खरी. तथापि तिच्यातील रेसरपिनने विषाद वाढू शकतो, आणि या रुग्णांत विषाद मुळातच अधिक असतो. दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात रिटोनाविर असल्यास ॲम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण वाढते; पायांवर सूज वा चक्कर दिसल्यास वातव्याधी समजून काढा देण्याऐवजी रुग्णास एआरटी केंद्राकडे पाठवावे.

प्रत्येक प्रौढ रुग्णाचा रक्तदाब पाच मिनिटे बसवून, खर्रा व चहानंतर अर्धा तास जाऊ देऊन, दोनदा मोजावा. निरनिराळ्या दिवशी १४०/९० वा अधिक आढळल्यास उपचाराची दिशा ठरवावी. एआरटीची गोळी कोणत्याही कारणाने बंद करण्यास सांगू नये.

औषधविक्रेत्याने "एचआयव्ही आहे काय?" असे काउंटरवर विचारू नये. "रोज ठरलेल्या वेळी घ्यायची एखादी गोळी चालू आहे काय?" एवढे पुरे. उत्तर 'हो' आल्यास भस्माची वेळ सांगावी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यान्वये संमतीविना ही माहिती उघड करण्यास मनाई आहे. सबब उधारीच्या वहीत वा पुडीवर तशी खूणही करू नये.