तार स्वतःच तापते, स्वतःच सांगते

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. आज ते सागरी कासवांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे कासव-संरक्षणास आरंभ केला. ग्रामस्थ व वनविभाग यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरील कुंपणात, वाळूच्या खड्ड्यांत जपली जातात. या अंड्यांतून नर निपजणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे ३० अंश सेल्सिअस ही सीमा. वाळू त्याहून उष्ण असल्यास माद्या अधिक, थंड असल्यास नर अधिक. एकदोन अंशांनी पिढीचा तोल बदलावा, असा हा प्रकार आहे. मग हे एकदोन अंश अचूक मोजावयाचे कसे?

अशा कामी प्लॅटिनमचा विद्युत् तापमापक उपयोगी पडतो. त्यातील बारीक तारेचा अथवा पातळ थराचा विद्युत्रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३९ ओहमने वाढतो. रोध मोजला की तापमान कळते. परंतु रोध मोजावयाचा तर तारेतून प्रवाह सोडावाच लागतो, आणि प्रवाह सोडला की तार तापते! प्रवाह १ मिलिअँपिअर असेल तर निर्माण होणारी उष्णता अवघी ०.१ मिलिवॅट. प्रवाह दहापट केला की उष्णता मात्र शंभरपट होते. मग कोरड्या वाळूत पुरलेला तापमापक वाळूबरोबर स्वतःचा ज्वरही मोजू लागतो.

तापमान मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच होय. पदार्थांचे औष्णिक गुणधर्म अभ्यासणाऱ्यांनी मात्र याच दोषाला कामाला जुंपले आहे.

घरात जुना पिवळा दिवा असेल तर यातील मर्म सहज ध्यानी येते. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या दिव्याचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो. पण तोच दिवा काढून घेऊन, पूर्ण निवल्यावर मीटरने तपासला तर आकडा ४० ओहमच्या आसपास भरतो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. हा फरक प्रथम पाहिला तेव्हा मीटरच बिघडला असावा, असे त्याला वाटले होते. वस्तुतः टंगस्टनची तार आपल्या तापण्याची वार्ता आपल्याच रोधातून देत असते. तारेत किती उष्णता शिरली, हे व्होल्ट व अँपिअर यांच्या गुणाकारावरून कळते; तापमान किती चढले, हे रोधावरून. उष्णता तारेतून किती सुलभतेने वाहते, एवढेच शोधावयाचे उरते.

प्लॅटिनमची १ सेंटिमीटर लांब आणि ०.०५ मिलिमीटर जाडीची तार घेऊ. तिची दोन्ही टोके तांब्याच्या जाड ठोकळ्यांना जखडून थंड ठेवली आणि तिच्यात १ मिलिवॅट उष्णता निर्माण केली, तर तिचे सरासरी तापमान सुमारे ६ अंशांनी चढते. रोधात साधारण सव्वादोन टक्के वाढ होते. हा प्रयोग निर्वात पात्रातच करावा लागतो. उघड्या हवेत बरीचशी उष्णता हवाच पळवून नेते आणि हिशेब फसतो.

इतका खटाटोप कशासाठी? अतिशय पातळ थराला बाहेरून तापमापक टेकविला तर तो थरातील उष्णता स्वतःकडेच ओढून घेतो. शिवाय पुस्तकातील जाड धातूचे आकडे येथे चालत नाहीत. तांब्यातील इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसरीपर्यंत मिलिमीटरचा सुमारे पंचवीस हजारावा भाग इतके अंतर जातात. थर त्याहून पातळ झाला की ते पृष्ठभागावरच आदळू लागतात व उष्णतेचे वहन मंदावते. संगणकाच्या चिपेत असेच थर असतात; तेथील उष्णता कोठून बाहेर पडणार, हे आधी ठाऊक असावे लागते.

प्रत्यावर्ती प्रवाहाने ही मोजणी अधिक सूक्ष्म होते. उदाहरणादाखल सेकंदाला ५० आवर्तनांचा प्रवाह घेतला, तर प्रवाह कोणत्याही दिशेने वाहो, तार तापतेच. म्हणून ती सेकंदाला १०० वेळा तापते व निवते. तिचा रोधही तसाच हेलकावतो. ५० च्या प्रवाहाची या १०० च्या हेलकाव्याशी गाठ पडली की विभवांतरात १५० आवर्तनांचा एक क्षीण स्वर उमटतो. तो वेगळा काढून त्याची तीव्रता व विलंब मोजले असता उष्णता वाहून नेण्याची व साठविण्याची क्षमता कळते. इटलीतील ओर्सो मारिओ कोर्बिनो यांनी १९१० च्या सुमारास दिव्यांच्या तारांवर ही युक्ती योजिली होती. घन पदार्थांवर धातूची पातळ पट्टी चढवून तिला आजचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने डेव्हिड काहिल यांच्या १९९० मधील कामास दिले जाते.

आता पुन्हा वाळूकडे वळू. तापणारी बारीक तार सुईसारख्या नळीत घालून वाळूत खोचली आणि ठरावीक शक्ती देत राहिले, तर सुईचे तापमान प्रथम झपाट्याने, मग सावकाश चढते. ही वाढ काळाच्या लॉगॅरिदमपुढे आलेखावर मांडली की जवळजवळ सरळ रेषा मिळते. भिजलेली वाळू उष्णता लवकर दूर नेते, म्हणून तेथे ही रेषा सपाट येते. कोरड्या वाळूत ती चढी असते.