चासीतलं भोक

गेल्या मार्चपासून भेटेल तो एकच विचारतो, "कोणत्या कंपनीची गाडी ती?" मी नाव सांगत नाही. सांगितलं की समोरचा एकतर "मी म्हणालोच होतो" म्हणतो, नाहीतर त्याच्या दारात तीच गाडी उभी असते आणि तो भांडायला उठतो. शिवाय माझं जे झालं ते कुठलाही बिल्ला लावलेल्या पिकअपचं झालं असतं, हे आता मला कळलंय. गाडी घेताना मात्र मी तीन महिने बिल्लेच पारखत बसलो होतो.

2023 च्या जुलैत नारायणगावात टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. तेव्हा ज्यांच्या शेतात भर माल होता त्यांचं भलं झालं. माझा प्लॉट निम्मा उरकला होता, म्हणून माझं निम्मं भलं झालं. त्या पैशात वडिलांची टाटा 407 विकून आलेले घातले, वर कर्ज काढलं आणि नवी पिकअप घ्यायचं ठरवलं. 407 विकताना वडील काही बोलले नाहीत. ते न बोलणं मी तेव्हा होकार समजलो.

तुलनेची वही अजून माझ्याकडे आहे. छोटा हत्ती पहिल्याच पानावर खोडलेला. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, 2005 साली आली ती दोन सिलिंडरची, पाऊण टनाची. मळ्यातून आडतीवर माल न्यायला सोन्यासारखी गाडी, पण भरल्या अंगानं रोज माळशेज उतरून कल्याण गाठायला ती बनवलेलीच नाही. अशोक लेलँडची दोस्त 2011 ची, दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, सव्वा टन माल. महिंद्राची बोलेरो पिकअप म्हणजे अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे ती डोळे मिटून खोलणारा फिटर कुठल्याही फाट्यावर मिळतो. टाटांची योद्धा 2017 ला झेनॉनच्या पोटातून निघाली, 2022 मध्ये तिची दोन टनांचीही आली. इसुझूची डी-मॅक्स आंध्रात श्रीसिटीला बनते. दिसायला देखणी, पण आमच्या पट्ट्यात तिला हात लावणारा फिटर मला सापडला नाही, म्हणून पान उलटलं.

मधेच भाच्यानं टोयोटा हायलक्सचा व्हिडिओ दाखवला. 'टॉप गिअर' नावाच्या इंग्रजी कार्यक्रमवाल्यांनी 2003 मध्ये एक जुनी हायलक्स उंच इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवली आणि ती इमारतच सुरुंगानं पाडली. ढिगाऱ्यातून काढली तरी गाडी सुरू झाली. भाचा म्हणाला, "मामा, याला म्हणतात टिकाऊ." म्हटलं, बाबा, आपल्याला इमारत पाडायची नाही, टोमॅटो न्यायचेत, आणि तीस लाखांच्या वरची गाडी घेऊन त्यात कॅरेट टाकलं तर तुझी मामी मला गच्चीवर ठेवेल.

हे सगळं वाचून, विचारून, रात्री बाजार आवारात गाड्यांखाली टॉर्च मारून मी एक गाडी ठरवली. दीड टन पासिंगची. सेल्समन पोरगा तरतरीत होता. "सर, पासिंग दीड टनाचं आहे, पण गाडी अडीच टन हसत नेते." मोबाइलवर व्हिडिओही दाखवला, ऊस भरलेली गाडी, फाळक्याच्या मागं हातभर लोंबणारा. मी विचारलं, "वॉरंटीत काही अडचण?" तो म्हणाला, "छे हो सर, तीन वर्षं निवांत झोपा." हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं दिलं नसतं, आणि नकारातूनच मला काय ते कळलं असतं.

कंपनीचा हौदा कमी उंचीचा असतो. कॅरेटची थप्पी लावायला वर लोखंडी जाळी लागते, खाली आडवे चॅनल लागतात. "आपलाच माणूस आहे," म्हणून त्या पोरानंच मला शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. दोन दिवसांत जाळी झाली, अडतीस हजार रुपये, साध्या कागदावर पावती. मग हार घातला, नारळ फोडला, पुठ्ठ्याची हातभर मोठी किल्ली हातात देऊन मॅनेजरनं फोटो काढला. आम्ही सगळे हसतोय त्यात.

एक्केचाळीस हजार किलोमीटर गाडी चांगली चालली. खोटं का बोला, घाटात दम होता. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळीची जाळी बसली, आणि बाजाराच्या रांगेत रात्रभर चालू-बंद, चालू-बंद केलं की डॅशबोर्डवर तिचा दिवा लागतो. तो त्रास सगळ्याच कंपन्यांना आहे. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका वेगात गाडी पळवायची, काजळी जळून जाते. दिव्यावर चिकटपट्टी लावणारे शहाणे मी पाहिलेत. पुढे त्यांची गाडी चढावर गोगलगाय झालेलीही पाहिली.

मार्चमध्ये एका रविवारी मी गाडी धूत होतो. डाव्या बाजूला, मागच्या पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटजवळ, चासीवर तांबूस ओघळ दिसला. कपातून चहा ओघळावा तसा. वाटलं चिखल. पाण्याचा जोर मारला, गेला नाही. नखानं खरवडला तर नख अडकलं.

मिस्त्रींकडे गेलो. हे मिस्त्री वडिलांच्या 407 चे, त्यामुळे मला अजून पोर समजतात. त्यांनी काही न बोलता फडकं डिझेलमध्ये बुडवून ती जागा ओली केली, मग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसली. खिशातून खडू काढला, शाळेतला असतो तो, आणि वरून सपाट घासला. मग बिडी पेटवली. मला वाटलं, आता मुहूर्त बघतात की काय. बिडी निम्मी झाली तेव्हा पांढऱ्या खडूवर एक काळी रेघ हळूहळू उमटायला लागली. चिरेत शिरलेलं डिझेल खडू शोषून घेत होता. करंगळीएवढी रेघ, वरच्या काठावरून खाली उतरलेली.

"चीर कुठून निघालीय बघ," मिस्त्री म्हणाले. "हितं बोट लाव."

बोट लावलं. रेघेच्या वरच्या टोकाला, जाळीच्या चॅनलच्या बोल्टाखाली, एक भोक होतं.

"हे कंपनीचं न्हाय. कंपनीचं भोक आतून रंगवलेलं असतं, काठ गुळगुळीत असतो. ह्याला चरे बघ, आतून गंज बघ. ड्रिल मारलंय कुणीतरी. आन् मारलंय कुठं, तर वरच्या पट्टीवर."

चासीची पट्टी इंग्रजी सी अक्षरासारखी असते हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. सगळा ताण वरच्या आणि खालच्या ओठावर येतो. उभ्या पोटाला भोक चालतं, कंपनी स्वतः तिथंच पाडते. ओठाला भोक पाडलं की दर खड्ड्याला, दर गतिरोधकाला ताण त्या भोकाच्या काठावर येऊन साचतो, आणि एक दिवस तिथून लोखंड उसवायला लागतं. फाळक्याच्या बाजूला माल जास्त असला तर आणखी लवकर. शेडमधल्या माणसाला चॅनल यू-बोल्टनं आवळता आला असता. चार यू-बोल्टांचे पैसे वाचवले त्यानं. तीन महिने मी इंजिनाचे सीसी लिहीत होतो वहीत, आणि माझ्या गाडीचं नशीब एका ड्रिलच्या बिटानं ठरवलं होतं!

मिस्त्रींनी वेल्डिंगला नकार दिला. "आधी शोरूमला दाखव. मी हात लावला की ते माझ्यावर ढकलतील." हा सल्ला लाखाचा होता, जरी त्यातून मला रुपया मिळालेला नसला.

शोरूमचा सर्व्हिस मॅनेजर गोड बोलणारा होता. कॉफी मागवली. त्याच्या माणसानं गाडीचे चौदा फोटो काढले. मी मोजत होतो. जाळीचे आठ, टायरचे चार, नंबर प्लेटचे दोन. भोकाचा एकही नाही. "इथला काढा ना," म्हटलं, तर "फॉरमॅटमध्ये नाही सर." मग म्हणाला, वजनकाट्याच्या पावत्या असतील तर द्या, केस मजबूत होईल. मी खुशीनं फाइल दिली. त्रेसष्ट पावत्या होत्या. छप्पन्न पावत्यांवर माल पासिंगच्या आत होता, सात पावत्यांवर दोन टनांच्या पुढे. तीन आठवड्यांनी मेल आला, "जादा भार व अनधिकृत बदल, वॉरंटी लागू नाही," आणि खाली पुरावा म्हणून त्याच सात पावत्या. छप्पन्नचा उल्लेख नाही.

सात वेळा भरलं मी जास्त, कबूल आहे. मालाला उठाव असला की तालुक्यात कोण दीड टनावर थांबतं ते मला दाखवा. पण चीर भोकातून निघाली, हौद्यातल्या मालातून नाही.

मी परत गेलो. भांडणाच्या तयारीनंच गेलो. तो "अनधिकृत बॉडी" म्हणत असताना माझं लक्ष त्याच्या डोक्यामागच्या भिंतीकडे गेलं. 'आमचे आनंदी ग्राहक' असं लिहून फोटो लावले होते. दुसऱ्या ओळीत मी होतो, पुठ्ठ्याची किल्ली घेऊन. मागे माझी गाडी, गळ्यात झेंडूचा हार. आणि हाराच्या वर तीच जाळी! डिलिव्हरीच्या दिवशी, त्यांच्या दारात, त्यांच्या मॅनेजरच्या शेजारी.

मी नुसतं बोट दाखवलं. त्यानं मान वळवून पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता तरी माणूस बोलेल. तो म्हणाला, "तो सेल्सचा फोटो आहे, सर. सर्व्हिसचा त्याच्याशी संबंध नाही." पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिथं नुसता खिळा होता.

तर ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांच्यासाठी. जाळी, चॅनल जे काय करायचं ते डीलरच्या पक्क्या बिलात घ्या, किंवा बाहेर करा पण ड्रिल सुरू असताना तिथं उभे राहा. चासीच्या वरच्या-खालच्या ओठाला भोक नाही आणि वेल्डिंगचा ठिपकासुद्धा नाही, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. जाळी झाल्यावर रिकामी गाडी काट्यावर घाला. माझी जाळी आणि चॅनल मिळून एकशे नव्वद किलो भरले, म्हणजे दीड टनाचं पासिंग तिथंच तेराशेवर आलं. वीस किलोच्या कॅरेटला रिकाम्या कॅरेटचंही वजन असतं, ड्रायव्हर-किन्नरचंही असतं, माहितीपत्रकातल्या आकड्यात यातलं काही धरलेलं नसतं. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात जादा भाराला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. तो तरी एकदाच बसतो.

कंपनी निवडायचीच असेल तर मालकाला विचारू नका, मालक आपल्या निवडीचं समर्थन करतो. ड्रायव्हरला विचारा. पाच वर्षं झालेली गाडी उचकटून बघा, पाट्यांचे ब्रॅकेट, त्यामागची चासी, हाउसिंगचं तेल गळतंय का. जो पार्ट रात्री दोनला आळेफाट्यावर मिळत नाही, तो कितीही टिकाऊ असला तरी काय करायचाय? बाकी वेळेवर ग्रीसिंग, टायरची हवा, ऑइल हे तुम्हाला कुणीही सांगेल, मीही सांगतो.

चीर सापडलीच तर आधी दिवसाउजेडी फोटो आणि व्हिडिओ घ्या, पट्टी धरून, किलोमीटर दिसतील असे. तोंडी काही बोलू नका, मेलच करा. शेवटी माझी दुरुस्ती मिस्त्रींनीच केली. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवली, चीर भरली आणि पोटाच्या बाजूनं शंकरपाळीच्या आकाराची पट्टी लावली. पट्टी सरळ चौकोनी कापली की तिच्या उभ्या काठाशी नवी चीर येते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला विसरू नका, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, जळतो आणि मग चीर स्वस्त वाटते.

ग्राहक आयोगात जाणाऱ्याला पहिलं उत्तर येतं, "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही." मलाही नोटिशीला हेच उत्तर आलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'धंद्याची' या व्याख्येतून वगळलेली आहे. मी स्वतः गाडी चालवतो, ते दाखवायला टोलच्या पावत्या, लायसन्स, आडतीच्या पट्ट्या जपून ठेवल्यात. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी दाखल झालीय, तारखा पडतायत.

परवा कंपनीच्या कॉल सेंटरमधून फोन आला. सर्व्हिसबद्दल एक ते दहामध्ये किती गुण द्याल? आदल्या दिवशी त्या गोड मॅनेजरचा मेसेज येऊन गेला होता, "सर, दहाच द्या, पोरांचा इन्सेंटिव्ह असतो." मी त्या मुलीला सगळं सांगितलं, भोक, खडू, चौदा फोटो, भिंतीवरचा खिळा. पंधरा मिनिटं तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "मग सर, आकडा किती टाकू?"