मेंदूच्या कृमिरोगांतून उठलेल्या वृद्धांचा व्यायाम

डुकराच्या मांसांतून मनुष्याच्या आंतड्यांत शिरणारा पट्टकृमि पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु मेंदूचा रोग ह्या कृमीच्या अंड्यांपासून होतो, हें थोड्यांसच ठाऊक असतें. ज्याच्या पोटांत कृमि आहे त्याच्या शौचाबरोबर अंडीं बाहेर पडतात. तीं न धुतलेल्या हातांनीं, पाण्यांतून किंवा कच्च्या भाजींतून दुसऱ्याच्या पोटांत जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूंत जाऊन गांठी करितात. म्हणून ज्यानें मांस कधींही चाखलें नाहीं त्यासही हा रोग होतो. त्यानें फेफरें येतें, डोकें दुखतें, व कित्येकांचें एक अंग लुळें पडतें किंवा तोल जातो.

ह्यावर औषधें आहेत. तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावीं, कारण गांठ मरतांना मेंदूस सूज येण्याचा संभव असतो. पण गांठ गेली म्हणजे पाय आपोआप चालूं लागतो असें नाहीं. दुखावलेल्या भागाचें काम मेंदूच्या इतर भागांस शिकवावें लागतें, आणि तें शिक्षण वारंवार केलेल्या हालचालीनें होतें. ह्या उपचारास फिजिओथेरपी म्हणतात. घरचीं माणसें मायेनें म्हणतात, “म्हाताऱ्यांस निजूं द्या.” ही माया घातक होय, उतारवयांत निजून राहिल्यानें स्नायु थोड्याच दिवसांत झिजतात.

जाणत्याकडून क्रम ठरवून घेऊन घरच्यांनीं पुढील गोष्टी कराव्या.

१. अंथरुणांत असतां दर २ तासांनीं कूस बदलावी. लुळ्या अंगाचे सांधे दुखणार नाहींत इतपत रोज हलवावे. लुळा हात धरून रोग्यास ओढूं नये, खांदा निखळतो.

२. पुढें पाय जमिनीस टेकतील अशा ओट्यावर बसवावें, व तेथून उठण्याबसण्याचा सराव करवावा. धरणारानें लुळ्या बाजूस उभें राहावें.

३. चालतांना काठी बऱ्या हातांत असावी. आधीं काठी, मग लुळा पाय, मग बरा पाय. वाट कोरडी व मोकळी असावी.

४. फेफऱ्याचें औषध एक दिवसही चुकवूं नये. फेफरें आल्यास कुशीवर निजवावें. तोंडांत कांहीं घालूं नये, जोडा हुंगवूं नये. ५ मिनिटांत थांबलें नाहीं, किंवा डोकेदुखी, वांती व गुंगी वाढली, तर ताबडतोब दवाखाना गांठावा.

घरांतील इतरांचें शौचही तपासवावें, म्हणजे रोगाचें मूळ घरांतच आहे काय हें कळेल.

प्रश्न: मांस न खाणारास हा रोग कसा होतो? आपल्या गांवांत असा कोणी वृद्ध निजून आहे काय? त्यास उठवून बसविण्यास उद्यां कोण जाईल?